सांगली ते बंगळूर : दीड लाखात बिऱ्हाड हलवताना

पत्र : आम्ही सांगलीत विश्रामबागेत भाड्याने राहतो. माझे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहेत, पगार 20,500 (कापून जाण्याआधीचा). त्यांना बंगळूरला पीण्यातल्या एका कारखान्यात 45 हजारांची नोकरी मिळाली आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं आहे. मुलगा येत्या सप्टेंबरात 6 वर्षांचा होईल, आता सिनियर केजीत आहे. मुलगी 17 महिन्यांची. मी घरी ब्लाउज शिवते. बँकेत 1 लाख 60 हजार आहेत आणि इथल्या घराचं 20 हजार डिपॉझिट परत मिळेल. मिस्टरांचं म्हणणं, ट्रक करून सगळ्यांनी एकदमच जाऊ. पैसे पुरतील का? मुलाच्या पहिलीचं काय? सात वर्षांची स्कूटर न्यावी का? सासू-सासरे तासगाव तालुक्यात गावी असतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पैसे पुरतील, पण सगळे एकदम गेलात तर पुरणार नाहीत. बिऱ्हाड हलवताना ट्रकच्या भाड्याची सगळ्यांना धास्ती असते, आणि प्रत्यक्षात पैसा अडकतो तो घराच्या डिपॉझिटमध्ये. तो बुडत नाही, पण दोन-तीन वर्षं हाताशीही राहत नाही. त्यात शाळेची फी आणि पहिल्या पगाराची वाट पाहणं त्याच महिन्यात आलं की माणूस उसनवारीला लागतो. म्हणून मिस्टरांनी एप्रिलमध्ये एकट्याने पुढे जावं. तुम्ही मुलांना घेऊन मेच्या मध्यावर निघा.

त्याआधी त्या 45 हजारांचा छडा लावा. हा आकडा हातात येणारा आहे की कंपनीला पडणारा एकूण खर्च, म्हणजे सीटीसी? ऑफर लेटरवर वर्षाचे 5 लाख 40 हजार लिहिले असतील तर तो सीटीसीच. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता आधीच वजा होतो. मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कराचे 200 रुपये जातात. मूळ पगार निम्मा धरला तर हातात 38 हजारांच्या आसपास पडतील. ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, म्हणून 10 टक्के बाजूला ठेवले असतील, तर 34 हजारच. एचआरकडे ‘महिन्याला हातात किती’ याचा तक्ता ईमेलवर मागावा, त्यात संकोच कसला? पगाराची कट-ऑफ तारीख आणि स्थलांतर भत्ता मिळतो का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. भत्ता बहुधा बिलं दिल्यावरच मिळतो, तेव्हा टेम्पोपासून तिकिटापर्यंतची सगळी बिलं जपून ठेवा.

38 हजार हातात येतात असं धरून बंगळूरचा महिना साधारण असा बसेल : घरभाडं आणि पाणी 11,500, गॅस-वीज 1,500, किराणा-दूध-भाजी 11,000, शाळेचे महिन्याला पडणारे 2,500, ये-जा 1,500, फोन 700, औषधं आणि किरकोळ 3,000, गावी 2,000. बेरीज 33,700. उरले चार हजार. म्हणजे पगार दुप्पट झाला तरी हात सैल सोडण्याजोगी स्थिती नाही. तुमच्या शिवणाचे पैसे हीच खरी बचत राहील. मशीन न्यायचंच, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता 1 लाख 60 हजारांचा हिशोब. मिस्टरांचा एप्रिल पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून), जेवणासकट 10,000. तुमचा सांगलीतला एप्रिल, भाड्यासह 18,000. बंगळूरला 11 हजार भाड्याच्या घराला पाच महिन्यांचं डिपॉझिट 55,000 आणि पहिल्या महिन्याचं भाडं 11,000. सामान पार्ट लोडने, म्हणजे दुसऱ्या मालाच्या ट्रकमध्ये थोडी जागा घेऊन, 12,000. शाळेचा पहिला हप्ता, गणवेश, पुस्तकं 22,000. गॅसचं डिपॉझिट, पंखे, बादल्या, पडदे 8,000. रेल्वे, टेम्पो, वाटखर्च 4,000. झाले 1 लाख 40 हजार. उरलेले 20 आणि सांगलीच्या डिपॉझिटचे 20 मिळून 40 हजार गाठीशी राहतात, मेच्या सुरुवातीला पहिला पगारही येतो. हे आकडे अंदाजाचे आहेत, पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतील. मात्र एजंटमार्फत घर घेतलंत तर एक भाडं जास्तीचं, आणि पूर्ण ट्रक केलात तर वर आणखी पंधरा-एक हजार. एवढ्या दोन गोष्टींनी 40 चे 14 हजार होतात. मूल आजारी पडलं की तेही गेले. गाठीचे 40 वेगळ्या खात्यात टाका आणि त्याचं एटीएम कार्ड स्वतःजवळ ठेवा. पीएफ काढून खड्डा भरायचा विचारही नको. यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, तोच राहतो, नव्या कंपनीत खातं जोडून घ्यायचं.

घर

घर सांगलीत बसून ॲपवर ठरवू नका. फोटो पाहून टोकन म्हणून ऑनलाइन पैसे पाठवणं हा बंगळूरमधला फसण्याचा सर्वांत चालता प्रकार आहे. मिस्टरांनी पीजीत राहून पहिले दोन-तीन रविवार सकाळी पायी फिरावं. टी. दासरहळ्ळी, बागलगुंटे, मल्लसंद्रा, चोक्कसंद्रा, लग्गेरे या भागांत गेटवर ‘टू-लेट’च्या पाट्या असतात. थेट मालकाशी बोललं की दलाली वाचते. एका बेडरूमचं घर साधारण 9 ते 13 हजारांत मिळतं. कारखान्यापासून चालत किंवा एका बसच्या अंतरावर पाहा. मेट्रोची हिरवी मार्गिका पीण्या, दासरहळ्ळी, नागसंद्र्यावरून जाते, पण फेब्रुवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर रोजच्या प्रवासाला ती महाग पडते. कारखान्यात बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडची माणसं हमखास भेटतील. मराठी समजणाऱ्या या मंडळींकडून मोकळ्या घराची बातमी पाटी लागण्याआधीच कळते.

डिपॉझिटला तिथे ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. पूर्वी दहा महिन्यांचा रिवाज होता, आता पाच-सहावर तोडगा निघतो आणि साध्या वस्तीत तीन-चारवरही. घासाघीस भाड्यावर करू नका, ॲडव्हान्सवर करा. पाचशे रुपये जास्त भाडं देऊन ॲडव्हान्स दोन महिन्यांनी कमी होत असेल, तर तुमच्या परिस्थितीत तोच सौदा चांगला. रक्कम बँकेतूनच द्या आणि करारात लिहून घ्या. घर सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची तिथे पद्धत आहे. ती अमान्य करता येत नसेल तर निदान ‘एक महिन्याहून जास्त नाही’ एवढं करारात यावं. नोटीस किती, वर्षाला वाढ किती, टँकर आणावा लागला तर पैसे कोणाचे, हेही लिहा. 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी सक्तीची नसते, ई-स्टॅम्पवर होतो. सही करण्याआधी विजेचं बिल किंवा मालमत्ता कराची पावती मागून मालकाचं नाव जुळतंय ना ते पाहा. ताबा मिळेल त्या दिवशी भिंती, नळ, फरशी यांचं चित्रण करून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा.

‘लीज’ची पाटी दिसली तर पुढे चला. तिथे लीज म्हणजे सहा-आठ लाख एकरकमी मालकाकडे ठेवायचे, भाडं द्यायचं नाही, आणि दोन-तीन वर्षांनी रक्कम परत घ्यायची. कागदावर आकर्षक, पण घरावर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर लिलाव होतो आणि भाडेकरूला आपल्या पैशासाठी कोर्टाचे खेटे घालावे लागतात. ‘आम्ही देतो उसने, लीजवर घ्या’ असं नातेवाईक म्हणाले, तरीही नको.

घर पाहताना सर्वांत जास्त वेळ पाण्यावर घालवा. तीन प्रश्न : कावेरीचं, म्हणजे सरकारी नळाचं, पाणी येतं का आणि आठवड्यातून किती दिवस, बोअर चालू आहे का, जमिनीखालची टाकी, म्हणजे संप, किती लिटरचा आणि त्यावर किती घरं. मालकाला हिंदी येत नसेल तर ‘कावेरी नीरु बरुत्ता?’ एवढं विचारलं की भागतं. उत्तरावर न थांबता शेजारच्या भाडेकरूला मागचा एप्रिल कसा गेला ते विचारा. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या असंख्य बोअर कोरड्या पडल्या आणि टँकरचे भाव नियंत्रित करायची वेळ प्रशासनावर आली होती. पीण्याची आणखी एक गोष्ट लहान मूल असलेल्यांनी जाणून घ्यायला हवी. या औद्योगिक पट्ट्यातल्या भूजलात क्रोमियमसारखे जड धातू आढळलेले आहेत. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत; पाणी आटलं तर त्यांचं प्रमाण उलट वाढतं. तेव्हा बोअरचं पाणी धुण्याभांड्याला. पिण्याला आणि मुलीच्या पेजेला कावेरीचं, नाहीतर वस्तीतल्या शुद्ध पाण्याच्या केंद्रातून 20 लिटरचा कॅन भरून आणायचा. नाणं टाकून पाणी घेण्याची ही केंद्रं जवळपास प्रत्येक वॉर्डात आहेत, पाच-दहा रुपयांत कॅन भरतो.

विजेचा मीटर स्वतंत्र हवा. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेत भाडेकरूलाही ठरावीक मर्यादेपर्यंत, कमाल 200 युनिट, वीज मोफत मिळते. त्यासाठी बेसकॉमच्या (बंगळूरची वीज कंपनी) मीटरचा आरआर क्रमांक, म्हणजे जोडणीचा क्रमांक, तुमच्या आधारशी जोडावा लागतो. मालकाने सब-मीटर लावून युनिटमागे आठ-दहा रुपये घ्यायचं ठरवलं असेल तर हा लाभ तुमच्यापर्यंत येत नाही. आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरला जोडलेलं राहिलं असेल, तर ते काढून घ्यायला मालकाला आधीच सांगा. आणि मांसाहार चालतो का, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या. टोकन दिल्यावर हा विषय निघाला की अवघड होऊन बसतं.

शाळा

तुमच्या पत्रात एक गोष्ट सहज येऊन गेली आहे, पण सगळ्यात मोठी अडचण तीच : मुलाची जन्मतारीख. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण लागतात, म्हणून सप्टेंबरचं मूल या जूनमध्ये पहिलीत बसतं. कर्नाटकात नियम 1 जूनला 6 वर्षं पूर्ण असण्याचा आहे. 2025-26 साठी सरकारने 5 वर्षं 5 महिन्यांची एकदाच सूट दिली होती, पण अशा सवलतीच्या भरवशावर बेत आखू नये. नियमाने तुमचा मुलगा तिथे यूकेजीत बसेल, म्हणजे सिनियर केजी पुन्हा. ‘आम्ही करून देतो ॲडजस्ट’ म्हणणारी शाळा भेटेल, तिथे फी भरू नका. विद्यार्थ्याची नोंद राज्याच्या संगणक प्रणालीत वयासकट होते आणि चूक पुढे कधीतरी निस्तरावी लागते.

वर्ष वाया जाईल म्हणून हळहळू नका. 2015 च्या कायद्याने कर्नाटकातल्या सर्व शाळांत, सीबीएसईच्याही, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं बंधनकारक आहे. पहिलीत सगळीच मुलं कन्नड अक्षरं नव्याने गिरवतात, पण घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांच्या कानात भाषा आधीच असते. यूकेजीचं वर्ष मिळालं तर तुमचं पोरगं खेळता खेळता ती ऐकून घेईल. चौथी-पाचवीत गेलेल्या मुलांचे हाल यापेक्षा कितीतरी जास्त होतात.

फीचं म्हणाल तर, बऱ्या खासगी शाळांचे यूकेजीचे प्रवेश डिसेंबर ते फेब्रुवारीत आटोपतात. एप्रिलमध्ये हाती लागतात त्या वस्तीतल्या छोट्या राज्य-अभ्यासक्रमाच्या शाळा, वर्षाला 25 ते 35 हजार. दुसरा पर्याय कर्नाटक पब्लिक स्कूल, म्हणजे केजीपासून बारावीपर्यंतच्या सरकारी शाळा. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी माध्यमाचा वर्ग आहे, खर्च नगण्य. मिस्टरांनी घर शोधायच्या आधी या शाळेचा पत्ता काढावा आणि मग तिच्याभोवती घर पाहावं. आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांवर विसंबू नका. 2019 पासून तिथे आसपास सरकारी किंवा अनुदानित शाळा नसेल तरच खासगी शाळेत त्या जागा मिळतात, आणि बंगळूरमध्ये अशी जागा सापडणं कठीण. मराठी माध्यम सीमाभागात आहे, बंगळुरात धरू नका.

शाळा तिथे मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, आपल्याकडच्या पंधरवडाभर आधी. जन्मदाखला, आधार आणि केजीचा निकाल एवढं लागेल. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एका अक्षराने वेगळं असेल तर ते सांगलीतच दुरुस्त करा. मुलाला पाच वर्षं झाली आहेत, तेव्हा त्याच्या आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद घ्यायची वेळही झाली आहे. सात वर्षांपर्यंत हे मोफत आहे.

सामान

सगळं सामान नेऊ नका. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावा : बंगळूरात सेकंडहँड घेतली तर जेवढ्याला मिळेल, त्याहून तिचं भाडं जास्त पडतंय का? लोखंडी कपाट, दिवाण, सोफा, दहा वर्षांचा फ्रीज या प्रश्नात नापास होतात. ते तासगावला जाऊ दे किंवा विकून टाका. न्यायचं ते भांडी, कुकर, मिक्सर, गाद्या-पांघरुणं, मुलांचं सामान, शिलाई मशीन, आणि छताचे पंखे व ट्यूब. पंख्यांचं आश्चर्य वाटेल, पण तिथल्या साध्या घरांत आधीचा भाडेकरू ते काढून नेतो आणि उघड्या वायरी लोंबत असतात. मशीनचं डोकं पट्टा सोडवून स्टँडपासून वेगळं करा, सुई आणि बॉबिन काढा, गोधडीत गुंडाळून वेगळ्या खोक्यात घाला. स्टँडसकट उभं पाठवलं तर लोड करणारे डोक्याला धरून उचलतात आणि बिजागरी तुटते.

एवढ्याच सामानाला पॅकर्स-मूव्हर्सची गरज नाही. सांगली-मिरजेतून हळद, बेदाणा घेऊन बंगळूरकडे रोज गाड्या जातात. त्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पार्ट लोड बुक करा. वजनावर किंवा नगावर दर ठरतो. खोक्यांवर मार्करने क्रमांक आणि फोन लिहा, बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, नग मोजून लिहून घ्या, ‘घरगुती वापरलेले सामान’ असा शब्दप्रयोग असू द्या. डिलिव्हरी गोडाऊनला आहे की दारापर्यंत, ते आधी स्पष्ट करा. बहुधा गोडाऊनलाच असते, तिथून घरापर्यंत छोटा हत्ती करावा लागतो, आणि माल ठरल्या दिवसांत नाही उचलला तर डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, लागतो. म्हणून माल पोचेल तेव्हा मिस्टर सुट्टीवर हवेत.

पॅकर्सवालाच केलात तर दोन सापळे ओळखून असा. पहिला : फोनवर स्वस्त दर, सामान गाडीत चढल्यावर ‘टोल, ई-वे बिल, राज्याचा प्रवेश कर’ म्हणून वाढीव मागणी. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागत नाही आणि जकात-प्रवेश कर जीएसटीबरोबर, 1 जुलै 2017 पासून संपले. दुसरा : सामानाच्या किमतीच्या तीन टक्के विमा म्हणून घ्यायचे आणि पॉलिसी द्यायचीच नाही. तुमच्या नावाचं विमा कंपनीचं प्रमाणपत्र हातात आलं तरच ते पैसे द्या. आगाऊ 10-20 टक्क्यांपलीकडे काही नाही.

गॅसचा सिलिंडर ट्रकमध्ये किंवा रेल्वेत नेता येत नाही, रिकामा वाटला तरी. एजन्सीत सिलिंडर, रेग्युलेटर आणि मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर जमा करा. त्यावर नोंदलेलं डिपॉझिट परत आणि ट्रान्स्फरचं व्हाउचर मिळेल. बंगळूरच्या एजन्सीत ते व्हाउचर आणि भाडेकरार दाखवून नवं डिपॉझिट भरायचं. जून 2022 पासून हे 14.2 किलोच्या सिलिंडरला 2,200 आणि रेग्युलेटरला 250 आहे. तुमची जोडणी जुनी असेल तर परत मिळणारी रक्कम यापेक्षा कमी येईल, फरक खिशातून. मधल्या आठवड्यासाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. शेगडी सोबत न्या, रबरी नळी तिथे नवी घ्या.

प्रवास आणि प्रकृती

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस एका रात्रीत बंगळूरला पोचवते. स्लीपरला माणशी 40 किलो सामान मोफत. पाच वर्षांखालच्या मुलीला तिकीट नाही. मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट, नको असेल तर निम्मं. कागदपत्रं, एक पातेलं, तांदूळ-डाळ, दोन दिवसांचे कपडे आणि औषधं तुमच्याबरोबर, ट्रकमध्ये नाही. पार्ट लोड दोन दिवस उशिरा येतो असंच धरून चाला.

मुलीचे 16 ते 24 महिन्यांतले डोस, म्हणजे डीपीटीचा बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा आणि पोलिओ, सांगलीतच उरकून घ्या. डीपीटीने एक-दोन दिवस ताप येतो, तेव्हा निघण्याआधी निदान आठवडा मोकळा ठेवा. लसीकरणाचं कार्ड मूळ प्रत न्या. बंगळूरला वॉर्डावॉर्डांत ‘नम्म क्लिनिक’ आहेत, सर्दी-तापाला तिथे फुकट तपासणी होते. बाळाला जास्त झालं तर इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ हे मुलांचं सरकारी मोठं रुग्णालय शहरात आहे.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती. कुपवाडला पगार 21 हजारांच्या आत असल्याने तुम्हाला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असणार. नव्या पगाराला ती मर्यादा ओलांडते आणि सगळ्या कुटुंबाचं छत्र जातं. दात, डोळे, कुठली तपासणी राहिली असेल तर नोकरी सोडण्याआधी करून घ्या. नव्या कंपनीच्या समूह विम्यात बायको-मुलं धरली आहेत का आणि कोणत्या दिवसापासून, हे विचारा. फक्त कामगारालाच असेल तर तुमची आणि मुलांची फॅमिली फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच) पॉलिसी मार्चमध्येच काढा. पहिले 30 दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही, ते दिवस सांगलीतच सरलेले बरे. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

स्कूटर, योजना, कागद

सात वर्षांची स्कूटर विका. नियम असा की दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त वापरली तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो : सांगली आरटीओकडून फॉर्म 28 ने एनओसी, थकलेली चलानं भरून, मग बंगळूरला फॉर्म 27, आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा आजीवन कर. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी पुन्हा सांगलीचे हेलपाटे. रेल्वेचं भाडं, टाकी रिकामी करून गोणपाटात पॅकिंग, वर हा कर, एवढ्यात सात वर्षांच्या गाडीची किंमतच निघून जाते. दोन वर्षांची असती तर ‘न्या’ म्हटलं असतं. एनओसी काढून मग विचार बदलू नका. एनओसी निघालेली गाडी सांगलीत विकायला त्रास होतो.

लाडकी बहीणचे 1,500 मिळत असतील तर ते हिशोबातून वगळा. योजना महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे, शिवाय अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा तुम्ही ओलांडता. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीचे 2,000 तिथलं रेशनकार्ड नसताना मिळत नाहीत, तेव्हा तेही धरू नका. शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता हवा. सासू-सासऱ्यांचं आणि तुमचं रेशनकार्ड एकच असेल तर घाईने नाव कमी करू नका. तुम्ही बंगळूरला गेलात तरी ते दोघं आपला वाटा गावी घेऊ शकतात.

पत्ता बदलण्याचा क्रम पाळा, नाहीतर प्रत्येक खिडकीवर ‘दुसरा पुरावा आणा’ ऐकाल. आधी भाडेकरार, त्यावर गॅस, मग गॅसच्या किंवा बँकेच्या पुराव्यावर मिस्टरांचं आधार, आणि त्यांच्या आधारावर कुटुंबप्रमुखाच्या सोयीने तुमचं आणि मुलांचं. नोंदणी नसलेला करार आधार केंद्रात नाकारला जाऊ शकतो, म्हणून मध्ये गॅस. महाराष्ट्राचा अधिवास दाखला आणि जातीचा दाखला मात्र निघण्याआधी इथेच काढून ठेवा. इतर मागासवर्गाचं आरक्षण राज्य बदलल्यावर नव्या राज्यात मिळत नाही, पण मुलांना पुढे महाराष्ट्रात शिकायचं झालं तर हे कागद लागतील.

तुमच्या शिवणासाठी पहिल्या आठवड्यात फॉल-पिकोचं काम शेजारणींकडून घ्या, ब्लाउज नंतर, विश्वास बसल्यावर. पीण्यात कपड्यांचे मोठे कारखाने आहेत, बायकांना तिथे काम मिळतं. पाळणाघर आहे का ते मुलगी दोन वर्षांची झाल्यावर जाऊन विचारा.

आणि विश्रामबागच्या मालकाला नोटीस देण्याची घाई करू नका. मिस्टर हजर होऊन त्यांनी कामाचे दोन आठवडे काढले, घराचा करार झाला, की त्या दिवशी लेखी द्या. एप्रिलच्या मध्यावर नोटीस म्हणजे महिन्याच्या मुदतीने मेच्या मध्यावर घर मोकळं. तुमचं तिकीटही त्याच आठवड्याचं. उन्हाळी सुट्टीची गर्दी असते, रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी उघडतं, तेव्हा ते मार्चमध्येच काढून ठेवा. तारीख बदलावी लागली तर रद्द करण्याचे जाणारे पैसे तत्काळच्या भाड्यापेक्षा कमीच असतात.